आठवीतल्या मुलासाठी खासगी हायस्कूल शोधताय? आधी त्याचा बुधवार बघा

सप्टेंबर उजाडला की मला फोन यायला लागतात. माझी मुलगी चार वर्षं इथे अमेरिकेत एका खासगी कॉलेज-प्रेप डे स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणारी, मुलं रोज घरी परततात अशी शाळा) होती, म्हणून ज्यांची मुलं आठवीत आहेत ते ओळखीचे आईबाबा मला गाठतात. पहिला प्रश्न ठरलेला: "तिथली मुलं कुठल्या कॉलेजांत जातात हो?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला: "बुधवारी दुपारी साडेतीनला तुमचं मूल कुठे असेल आणि घरी किती वाजता येईल?"

कॉलेजांची यादी सगळ्याच शाळा छापतात आणि सगळ्यांचीच दिमाखदार असते. त्यातलं कोण खेळाच्या जोरावर गेलं, कोणाचे वडील त्याच कॉलेजचे, हे त्या यादीत नसतं. प्रेप स्कूलमधली जवळजवळ सगळी मुलं कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जातातच. शाळाशाळांमधला खरा फरक दिवसात असतो.

तेव्हा ओपन हाउसला, म्हणजे शाळा दाखवायला पालकांना बोलावतात त्या दिवशी, जा, पण त्यावर विसंबू नका. तिथे निवडक मुलं गोड बोलतात आणि कुकीज चांगल्या असतात. त्यापेक्षा मुलासाठी 'शॅडो डे' मागा, म्हणजे एखाद्या नववीतल्या विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसता येतं. आणि शाळेकडून नववीचं नमुना वेळापत्रक मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते सोमवार ते शुक्रवार असं नसतंच. तासांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ती फिरत राहतात, आणि एकेक तास सव्वा तासाचासुद्धा असतो. गणित रोज नाही, म्हणजे गृहपाठही रोज थोडाथोडा नाही, एकदम मोठा. ज्या मुलाला आदल्या रात्री सगळं करायची सवय आहे, त्याला हे जड जातं.

मग खेळांचं विचारा. फॉल, विंटर, स्प्रिंग असे तीन सीझन, आणि अनेक शाळांत त्यातले एक-दोन सक्तीचे. सराव साडेपाचपर्यंत. दुसऱ्या शाळेत सामना असला की परतायला सात सहज वाजतात. मूल तबला किंवा कथक शिकत असेल तर स्पष्ट विचारा: बाहेरचा क्लास खेळाऐवजी धरता का? काही शाळा धरतात, पण त्याचा फॉर्म सीझन सुरू व्हायच्या आधी द्यावा लागतो. उशिराची बस आहे का, हेही विचारा. डे स्कूलची मुलं लांबलांबच्या गावांतून येतात. नसेल तर ड्रायव्हर तुम्हीच.

अर्जाचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू करा. आठवीच्या इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात; त्यांना लवकर सांगा, बिचाऱ्यांकडे रांग असते. मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत, निकाल बऱ्याच शाळांत १० मार्चच्या आसपास. प्रवेश परीक्षा दोन, एसएसएटी आणि आयएसईई. शाळेला कुठली चालते ते बघून एकच धरा. एसएसएटीच्या अप्पर लेव्हलला चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, आयएसईईला कापत नाहीत. म्हणजे अंदाजपंचे उत्तर कधी द्यायचं याचे नियम वेगळे, आणि सराव करताना हे डोक्यात बसलं पाहिजे. निकालातलं पर्सेंटाइल बघून घाबरू नका. पब्लिक स्कूलच्या (म्हणजे इथल्या सरकारी शाळांच्या) चाचण्यांत पंच्याण्णववर असणारी मुलं इथे साठावर दिसतात, कारण तुलना खासगी शाळांसाठी अर्ज करणाऱ्या मुलांशीच होते.

इंटरव्ह्यूला मुलाला एकट्याला बोलू द्या. आपली खोड अशी, की प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर आपण देतो. तुमच्याशी शाळेचे लोक स्वतंत्रपणे बोलतात. तिथे बक्षिसांची जंत्री वाचू नका, घरी मूल स्वतःहून काय करत बसतं ते सांगा.

फी. न्यूयॉर्कमध्ये काही शाळांची वर्षाची फी ६०,००० डॉलरच्या वर आहे. बाकी ठिकाणी कमी, पण चैन म्हणावी इतकी नक्कीच. पगार बरा आहे म्हणून फायनान्शियल एडचा, म्हणजे फीसाठीच्या मदतीचा, अर्ज सोडू नका. त्याची मुदत वेगळी असते आणि ती चुकली की पैसे संपलेले असतात. करारावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. ठरलेल्या तारखेनंतर मूल काढलं तरी बहुतेक करारांत वर्षभराची फी द्यावी लागते.

प्रवेश मिळाल्यावर खरं शिकायला लागतं ते वर्गात बोलायला. एडवर्ड हार्कनेस या धनिकाने १९३० मध्ये फिलिप्स एक्झेटर शाळेला मोठी देणगी दिली आणि लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चेतून शिकण्याची पद्धत तिथे रुजली. ती आता कितीतरी शाळांत आहे. बोलण्याला गुण असतात. मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये, हे आपण घरी शिकवलेलं असतं. तिथे गप्प बसलेलं मूल तयारी न करता आलंय असं वाटतं. माझ्या मुलीने एक युक्ती काढली होती. धडा वाचताना समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाकायचा. पुढचा तास मग निवांत. लाजाळू मुलाला एवढंच सांगा.

पहिल्या तिमाहीत बी ग्रेड आला तर लगेच ट्यूटर शोधू नका. शाळेत एक्स्ट्रा हेल्पचा वेळ असतो, मुलाने शिक्षकांना स्वतः ईमेल करावी. माझ्या मुलीची ईमेल अशी असायची: 'दुसऱ्या प्रकरणातली सहावी आणि नववी उदाहरणं मला जमली नाहीत, उद्या फ्री पिरियडला येऊ का?' काय अडलंय ते नेमकं लिहिलं की शिक्षक नेमकी मदत करतात. तुम्हाला काही बोलायचं असेल तर आधी ॲडव्हायझरशी, म्हणजे मुलाकडे लक्ष ठेवायला नेमलेल्या शिक्षकाशी, बोला. थेट मुख्याध्यापकांना लिहिलं तर ते पत्र फिरून त्याच्याकडेच येतं. आणि ऑनर कोड, म्हणजे शाळेचे प्रामाणिकपणाचे नियम, मुलाबरोबर बसून वाचा. निबंधातलं वाक्य बाबांनी 'जरा सुधारून' दिलं तर काही शाळांत तीही आगळीक ठरते.

एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती घ्यायचे, ही चिंता नववीत नको. सगळ्या चांगल्या शाळा एपी देतातच असंही नाही. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी, त्यात सिडवेल फ्रेंड्सही आली, एपी कोर्स टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं २०१८ मध्ये एकत्र जाहीर केलं. कॉलेज काउन्सेलरची खरी गाठ अकरावीत पडते.

ऑगस्टमध्ये शाळेची फॅमिली डिरेक्टरी हातात आली की त्याच आठवड्यात आपल्या रस्त्यावरची दोन-तीन घरं शोधून फोन करा. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) कारपूलमधल्या जागा भरलेल्या असतात.