जबडा दुखतोय? आधी दात सुटे ठेवायला शिका

आरशासमोर उभं राहा. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, गालाच्या बाजूला टेकवा आणि तोंड हळू उघडून मिटा. बोटांखाली जे गोल फिरतं आणि मग पुढे सरकतं, तो तुमचा जबड्याचा सांधा. आपण बोलतो, जेवतो, जांभई देतो, ते सगळं या दोन सांध्यांच्या जिवावर. दोन्ही सांधे एकाच हाडाला असल्यामुळे एक बाजू बिघडली की दुसरीवरही ताण येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत प्रॅक्टिस करते. गुडघा, कंबर, मान घेऊन लोक सरळ येतात. जबडा घेऊन मात्र सगळीकडे फिरून झाल्यावर येतात. मागच्या महिन्यात हुपरीहून चांदीकाम करणारे एक काका आले. हातात कानाच्या थेंबांची बाटली आणि दातांचा मोठा एक्स-रे. म्हणाले, "मॅडम, कानात ठणका हाय, पण कानवाले म्हणत्यात कान चांगला हाय. दातवाले म्हणत्यात दात चांगले हायत. मग दुखतंय काय?" त्यांच्या गालावर, दाढांच्या बाहेरच्या बाजूला मी दोन बोटं ठेवून हलकं दाबलं. काका खुर्चीतून उठायच्या बेतात. "हेच! हेच कानात जातंय!"

दुखणारा होता तो चावण्याचा स्नायू. हा स्नायू आणि कानशिलावरचा पंख्यासारखा पसरलेला स्नायू, दोन्ही थकले की दुखणं जागच्या जागी राहत नाही. ते कानात, दाढेत, भुवईच्या वर, डोक्यात जातं. काका दिवसाचे नऊ-दहा तास मान खाली घालून पैंजणाच्या कड्या जोडतात आणि बारीक काम आलं की दात घट्ट मिटतात. हे त्यांना स्वतःला माहीतच नव्हतं. शेजारी बसणाऱ्या त्यांच्या पुतण्याने सांगितलं.

मला या दुखण्याची इतकी कळकळ का, तेही सांगते. माझी आई मंगळवार पेठेत घरी शिलाई करायची. तिचा डावा जबडा दुखायला लागला तेव्हा मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते. एक दाढ काढली, ठणका तसाच. तीन महिन्यांनी शेजारची दाढ काढली, तरी ठणका तसाच. तिच्या गालाला हात लावून कुणीच पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. एका रात्री ती ब्लाउजला हुक लावत होती आणि मी समोर अभ्यासाला बसले होते. प्रत्येक टाक्यानंतर ती दोरा डाव्या दाढेत धरून तोडत होती. टाचण्या दातांत, दोरा दातांत आणि जबडा कायम आवळलेला. दुसऱ्या दिवशी मी मशीनला नाडीने एक छोटी कात्री बांधून दिली. दीड-दोन महिन्यांत दुखणं गेलं. गेलेल्या दाढा काही परत आल्या नाहीत.

आता स्वतःला कसं तपासायचं ते सांगते. पहिली, मधली आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. बोटं स्वतःचीच हवीत, कारण आपलं तोंड आपल्या हाताच्या मापाचं असतं. तीन बोटं सहज गेली तर उघडणं ठीक आहे. दोनच गेली तर कमी आहे. पट्टीने मोजलं तर मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. 35 च्या खाली असेल तर दाखवून घ्या. हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते, तेही आरशात पाहून तारीख घालून वहीत लिहा. मी पेशंटला शंभर पानी वही आणायला सांगते ती यासाठीच.

'कट्' असा आवाज येतो म्हणून घाबरून येणारे खूप असतात. सांध्यात एक छोटी गादी असते, ती जागेवरून किंचित सरकते आणि तोंड उघडताना परत जागेवर बसते, त्याचा तो आवाज. आवाज आहे, पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय आणि अडकत नाही, तर त्याला उपचाराची गरज नाही. फक्त तो आवाज पुन्हा पुन्हा काढून बघू नका. दिवसातून वीस वेळा जबडा वाकडा करून "बघा, वाजला" म्हणून दाखवणारे लोक असतात आणि त्यानेच सांधा चिडतो.

पुढचं मात्र नीट वाचा, कारण इथे व्यायामाचं काम नाही. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, किंवा जबड्यासोबत छाती, खांदा, हात भरून येतो, घाम सुटतो, तर ते हृदयाचं असू शकतं. तडक दवाखाना गाठा, शेक घेत बसू नका. ताप, गालावर सूज, गिळायला त्रास असेल तर दाताच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. पन्नाशी ओलांडल्यावर नव्याने कानशील दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू दुखतो, चावताना जबडा थकतो किंवा नजर धूसर होते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जबडा उघडा राहून मिटतच नसेल तर घरी कुणाला ओढू देऊ नका. मार लागल्यावर दात नेहमीसारखे एकमेकांवर बसत नसतील तर आधी एक्स-रे काढा. आपल्याकडे पेठांपेठांत फुटबॉल आहे, कोपर जबड्यावर बसणं काही नवं नाही. पोरं रक्त पुसून परत मैदानात उतरतात, म्हणून हे लिहिते.

आणि मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना मळून खातात तो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी खाणं सुटलेलं नाही. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू घट्ट, पांढरट होतं, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडणं महिन्यागणिक कमी होत जातं. पंचविशीतली मुलं "जबडा धरलाय" म्हणून माझ्याकडे येतात, तोंडात दीड बोट जातं. हा सांध्याचा आजार नव्हे. यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. अशांना मी आधी तोंडाच्या सर्जनकडे पाठवते. तोंड उघडण्याचे व्यायाम मी नंतर शिकवते, पण सुपारी चालू ठेवून केलेला व्यायाम वाया जातो, हे तोंडावर सांगते.

यातलं काही नसेल, तर कामाला लागू. सगळ्यात मोठा उपाय सगळ्यात साधा आहे. ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना आणि गिळताना सोडले तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायचं काही कारण नाही. 'न' म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, वरच्या दातांच्या मागे टाळूला, दातांना न ढकलता. जीभ तिथे असली की जबडा आपोआप सैल होतो. ऐकायला सोपं आहे, पण दिवसभर लक्षात राहत नाही. म्हणून मी टिकल्या देते. एक टिकली मोबाईलच्या मागे, एक गाडीच्या आरशाच्या कोपऱ्यात, एक गॅसच्या वरच्या फरशीवर, एक कामाच्या टेबलावर. टिकली दिसली की बघायचं, दात लागलेत का? लागले असतील तर सोडायचे, खांदे खाली आणायचे, एक श्वास सोडायचा. हुपरीच्या काकांनी चिमट्याला टिकली लावली होती. पहिल्या दिवशी पन्नास वेळा दात आवळलेले सापडले म्हणाले.

मग शेक. जाड पंचा गरम पाण्यात भिजवून पिळा, हाताच्या आतल्या बाजूला लावून सोसवतोय का बघा आणि दोन्ही गालांवरून कानशिलापर्यंत पंधरा मिनिटं धरा, दिवसातून दोनदा. एकाच बाजूला दुखत असलं तरी दोन्ही बाजूंना द्या. मार ताजा असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

शेकानंतर मालिश. दात एकदा आवळा, गालावर जो गोळा उठतो तो स्नायू. आता दात सोडा. तेलाचा एक थेंब घेऊन गालाच्या हाडापासून खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दोन बोटांनी सावकाश ओढत या. गाठीसारखी जागा लागली तर तिथे वीस-तीस सेकंद थांबा, ती आतून सैल होताना कळते. एका बाजूला दोन मिनिटं पुरेत. इथे मला तालमीतल्या पोरांना वेगळं सांगावं लागतं. त्यांना अंग रगडून घ्यायची सवय, मांडीला जो जोर चालतो तोच ते गालाला लावतात. गालाला किती जोर? पिकलेल्या चिकूवर अंगठा ठेवला तर चिकू दबू नये, इतकाच.

व्यायाम दोनच शिकवते, कारण सहा शिकवले तर एकही होत नाही. पहिला: जीभ टाळूला 'न' च्या जागी ठेवून, जीभ न सोडता तोंड जितकं उघडेल तितकंच उघडायचं आणि मिटायचं. हनुवटी सरळ रेषेत खाली जाते का हे आरशात पाहायचं. सहा वेळा. दुसरा: तोंड एक बोटभर उघडं ठेवून हनुवटीखाली अंगठा लावायचा आणि तोंड उघडायचा हलका प्रयत्न करायचा, पण अंगठ्याने हलू द्यायचं नाही. पाच-सहा सेकंद. मग तसंच बोट हनुवटीच्या उजव्या बाजूला, मग डाव्या बाजूला. जोर परत चिकूचाच. हे सगळं दिवसातून सहा वेळा करा. एकदा बसून अर्धा तास केलं तर सांधा चिडतो. चहाची वेळ, आंघोळ, जेवणानंतर, झोपताना असं वाटून घ्या. आणि लाकडी चमचे एकावर एक घालून तोंड जबरदस्तीने उघडायचं व्हिडिओत दाखवतात, ते मनाने करू नका.

मान सोडून जबडा बरा होत नाही. डोकं पुढे गेलं की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि चावण्याचे स्नायू ताणात राहतात. भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर, हनुवटी सरळ मागे न्या, दुहेरी हनुवटी दिसेल इतकी, पाच सेकंद धरा, दहा वेळा. काकांना मी काम उचलून घ्यायला सांगितलं. त्यांनी पाटाखाली दोन विटा घातल्या आणि चांदी डोळ्यांच्या जवळ आली, मान वर आली. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून गाडी चालवणं तर मानेसाठीही वाईट आणि जिवासाठीही.

जांभई आली की मूठ हनुवटीखाली धरा, म्हणजे तोंड गरजेपेक्षा जास्त उघडणार नाही. पोटावर झोपू नका. झोपेत दात खाण्याला घरात "जंत झालेत" म्हणतात, पण मोठ्या माणसांत ते जास्त करून ताण, झोपेचा बिघाड, दारू-तंबाखू आणि रात्री उशिराचा चहा-कॉफी यांच्याशी जोडलेलं असतं. सकाळी उठल्यावर गाल आंबलेले असतील तर दातांच्या डॉक्टरांकडून मापाचं नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, करून घ्या. ते दात झिजू देत नाही. दात खायची सवय ते मोडतंच असं नाही.

किती व्यायाम झेपतो हे ओळखायची खूण एकच आणि ती गुडघ्याला, कंबरेलाही तीच. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीनपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं कालच्यापेक्षा जास्त असेल, तर निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबणाऱ्या आजींनाही मी हेच सांगते आणि जोतिबाच्या पायऱ्यांसाठी एवढं जास्त: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणात पडून राहणारेही अजून आहेत. एक-दोन दिवस आराम ठीक, मग घरातल्या घरात का होईना चालायला लागा. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल.

जबडा बहुतेकांचा ऑपरेशनशिवाय बरा होतो. दोन-तीन आठवड्यांत ठणका उतरतो, पूर्ण सैल व्हायला दोन-तीन महिने धरा.

राहिला खाण्याचा प्रश्न, आणि कोल्हापुरात तो पहिल्याच दिवशी विचारला जातो. पहिले दोन आठवडे मऊ. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, पोळी तव्यावरून काढल्या काढल्या मऊ, पपई, केळं. मिसळ खाणार असाल तर फरसाण कटात पूर्ण भिजू द्या आणि मग चमचा घाला. ऊस दाताने सोलणं पूर्ण बंद, गुऱ्हाळावर गेलात तर रस प्या, काकवी खा. फुटाणे, सुपारी, च्युइंगम नको. मोठा घास घेऊन तोंड फाडू नका आणि दोन्ही बाजूंनी चावा. मटण बंद म्हटलं की चेहरे पडतात, म्हणून सांगते: तांबडा-पांढरा रस्सा पहिल्या दिवसापासून चालेल, भातावर घेऊन. फोडी घरच्यांना द्या. तीन बोटं न दुखता आत जायला लागली आणि सलग आठ दिवस साध्या भाकरीने ठणका आला नाही, की मऊ शिजलेल्या मटणाची बोटाच्या पेराएवढी फोड करून खा, दोन-चारच. दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला बोट लावून बघा आणि वहीत लिहा. नळी फोडायची ती हाताने ताटात आपटून, दाढेने नाही, आणि हे बरं झाल्यावरसुद्धा.