बिल्ला आधी उलटा करा

बत्तीस वर्षं मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये डाय बनवल्या. पत्रा डायवर ठेवायचा, पंच खाली आला की आकार उमटतो, हे आयुष्यभर पाहिलं. त्यामुळे फौजी टोपीचा जुना बिल्ला कुणी हातात दिला की मी पुढचं चित्र नंतर बघतो, आधी बिल्ला उलटा करतो. खरा-खोटा ओळखायला शिकायचं असेल तर हीच सवय पहिल्यांदा लावून घ्या.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या मोहिमेवर गेलेले. त्यांच्या ट्रंकेत मिळालेला, बिगूल आणि वर मुकुट असलेला पितळी बिल्ला हा माझा नमुना. बाकी सगळे बिल्ले मी त्याच्याशेजारी ठेवून पाहतो. तुमच्याकडेही एक तरी असा बिल्ला असावा, ज्याचा प्रवास तुम्हाला पक्का ठाऊक आहे. फोटो कितीही पाहिले तरी वजन आणि जाडी हाताला कळायला खरी वस्तूच लागते.

डायवर दाबलेल्या बिल्ल्यात पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा असतो. बिगुलाची फुगीर नळी मागून पोकळ दिसली पाहिजे. मग कडा बघा, विशेषतः बिगुलाच्या दोऱ्यांमधल्या कापलेल्या मोकळ्या जागा. पत्रा पंचने कापला की कडेला आधी एक गुळगुळीत चकचकीत पट्टा येतो आणि त्याच्याखाली खडबडीत, तुटल्यासारखा भाग. दहा पट भिंगातून तो स्पष्ट दिसतो. तिथे कानशीचे आडवेतिडवे ओरखडे असले किंवा जागा कापलेलीच नसली, तर पुढचे प्रश्न विचारायला लागा.

ओतीव नकलेच्या अंगावर बारीक छिद्रं आणि वाळूचा रवा दिसतो, अक्षरं लोण्यातून काढल्यासारखी गोलावलेली असतात. खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेली नकल आणखी एका गोष्टीत फसते. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. मूळ बिल्ला ४० मिलिमीटरचा असेल तर नकल अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लहान भरते. डोळ्याला हे कळत नाही, व्हर्नियरला कळतं. मी बाजारात जाताना व्हर्नियर खिशात ठेवतो आणि विक्रेत्याला विचारून तिथेच माप घेतो.

आता इथे जरा थांबायला हवं. ब्रिटिश बिल्ल्यांचे संग्राहक सरळ सांगतात, ओतीव म्हणजे नकली. आपल्या पलटणींना हा नियम लावला तर कितीतरी अस्सल बिल्ले आपण फेकून देऊ. हिंदुस्थानी पलटणींसाठी छावणीच्या बाजारातले कारागीर वाळूच्या साच्यात बिल्ले ओतत, दोन्ही महायुद्धांच्या काळात असं खूप काम झालं. ते शिपायांनी खरोखर वापरले. मग जुना ओतीव आणि परवा ओतलेला ओतीव वेगळा कसा काढायचा? मागच्या कड्या बघा. त्यांतून पिन घालून बिल्ला बसवायचा, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने कडीची आतली बाजू झिजून पातळ होते. ही झीज करून आणायला नकली माल करणाऱ्याला वेळ परवडत नाही. कडी बसवलेली जागाही बघा. चांदीसारख्या चकचकीत डाखाचं थारोळं आणि त्यात बुडवलेली कडी दिसली, तर मी पैसे काढत नाही.

जुन्या बाजारात एका रविवारी तीन वेगवेगळ्या पथाऱ्यांवर मला एकच बिल्ला तीनदा दिसला. एकच म्हणजे अगदी एकच: बिगुलाच्या तोंडाशी तोच चेपा, उजव्या कडेला तोच ओरखडा. चेपा प्रत्येक बिल्ल्याला आपापला पडतो. तीन बिल्ल्यांना सारखाच पडला असेल तर तो साच्यातून आलेला आहे. तेव्हापासून आवडलेल्या बिल्ल्यावरचे व्रण मी वहीत काढून ठेवतो.

झीज समजून घ्यायला शिपायाचा हात डोळ्यासमोर आणा. तो रोज पुढून घासायचा. म्हणून उंचवटे गुळगुळीत, टोकं बोथट, खाचांत पॉलिशचा वाळलेला पांढरट साका, आणि मागे मात्र काळपट मळ, कारण मागे कुणी घासत नाही. नकली बिल्ला पुढे-मागे सारखाच जुना दिसतो. पॉलिश-पेपरने झिजवलेला असेल तर ओरखडे एकाच दिशेने जातात. रसायनाने हिरवा केलेला असेल तर ओलं बोट फिरवल्यावर हिरवा रंग बोटावर येतो.

एवढं सगळं येत असूनही २०११ साली मी बावीसशे रुपयांना फसलो. बिल्ला डायवरचा होता, कडा सुंदर कापलेल्या, कड्या नीट बसवलेल्या, पाचव्या मराठा पलटणीचा म्हणून विकलेला. धातूत मला एक खोट सापडली नाही. घरी येऊन आजोबांच्या बिल्ल्याशेजारी ठेवला आणि मुकुटाकडे लक्ष गेलं. राजाचा मुकुट, म्हणजे १९०१ पासून चालत आलेला, त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात. १९५२ मध्ये एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. माझ्या हातातल्या मुकुटाच्या कमानी दबलेल्या होत्या. मराठ्यांच्या पलटणींना पाचवा क्रमांक मिळाला १९२२ मध्ये, आणि भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मधल्या काळात तसा मुकुट असूच शकत नव्हता. धातू वाचणारा मी, तारीख वाचायला विसरलो होतो. ते दुःख मला अजून आहे.

म्हणून मुकुट, नाव आणि क्रमांक या तिघांचा काळ एकमेकांशी जुळतो का, ते पाहायचं. मराठा बिल्ल्यावर पाचचा आकडा आणि अशोकस्तंभ एकत्र आले तर बिल्ला नकली, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर मराठा पलटणींच्या नावातला आकडा गेला होता. १९२२ च्या आधी १०३, १०५ आणि ११० या मराठा पलटणी लाइट इन्फंट्री म्हणवत, ११६ म्हणवत नसे. तेव्हा ११६ बरोबर लाइट इन्फंट्री लिहिलेलं दिसलं तर समजून जा. दबलेल्या मुकुटाला एक मोठा अपवाद आहे: १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्यात गेलेल्या चार गुरखा रेजिमेंट्स, दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी. त्यांच्या बिल्ल्यावर तो मुकुट दिसला तर तो रास्त असू शकतो.

कारखान्याच्या छापावर फार विसंबू नका. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गॉन्ट यांचं नाव नकली मालावर सर्रास ठोकलेलं असतं. शिवाय जुन्या अस्सल डायवरून नंतर काढलेले बिल्लेही बाजारात आहेत. ते ओळखणं सगळ्यांत कठीण. डाय झिजलेली असेल तर बारीक रेघा पुसट येतात, आणि पुढच्या झिजेशिवाय पुसट रेघा दिसल्या की मला डायचं म्हातारपण दिसतं.

निवृत्त फौजीच्या घरून बिल्ला मिळाला तरी विचारा, हा नोकरीतला की नंतर घेतलेला? बेळगावसारख्या छावणीच्या गावात मिलिटरी टेलरकडे बिल्ले मिळतात, आणि मेळाव्याला जाताना म्हातारे जवान नवा घेतात. तो नकली नाही, फक्त अलीकडचा आहे, आणि तसंच लिहून ठेवायचा. मी प्रत्येक बिल्ल्याबरोबर एक कार्ड ठेवतो: कुणाचा, कोणती बटालियन, कधी मिळाला, कुणी दिला. आजोबांच्या कार्डावर मी त्यांचा नंबर लिहिलाय. पुढची बाजू मी फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसतो, पितांबरी कधीच लावत नाही, आणि मागचा काळा मळ त्यांनी ठेवला तसाच ठेवलाय.