लाईट आठवडाभर गेली तर: आधी विहिरीचा दोर

टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी हे सांगायला नको. गेल्या वेळी तेही होतं, चार्ज केलेला इन्व्हर्टरही होता. विहिरीत पाणी होतं आणि काढायला दोर नव्हता. म्हणून आधी दोर.

तयारी आठवड्याची धरा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं त्याहून जास्त दिवस अंधारात होती. मुद्दाम केलेल्या हल्ल्याचं गणित वेगळं. 2015 मध्ये युक्रेनमध्ये वीज कंपन्यांच्या संगणकांत घुसून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. माणसांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर लावले आणि ती काही तासांत परत आली. पण 2013 साली कॅलिफोर्नियात मेटकाफ सबस्टेशनवर रायफलने 17 ट्रान्सफॉर्मर फोडले, कूलिंगचं तेल वाहून गेलं. तिथे वीज दुसऱ्या मार्गाने वळवता आली. आपल्या गावाला बहुधा एकच फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी एकच लाईन असते, आणि मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. ऑर्डर देऊन वर्षभर थांबावं लागतं.

तर दोर. मे महिन्यात पाणी किती खाली जातं ते मोजा आणि त्यावर दहा फूट धरा. नायलॉनचाच, 12 मिलिमीटर. सुंभाचा पावसाळ्यात कुजतो, बारीक असला तर हात कापतो. रहाटाची कप्पी खाऱ्या हवेने धरलेली असणार, तेल घाला, फिरवून बघा. प्लास्टिकची बादली पाण्यावर नुसती तरंगते. कडेला एका बाजूने लोखंडी नट बांधा, मग कलंडून भरते. पोहरा सुटला तर काढायला गळ हवा. विहिरीवर जाळी घट्ट बसवली असेल तर बादली जाईल एवढं दार आजच करून घ्या. फक्त बोअर असेल तर शेजारच्यांना आत्ताच विचारून ठेवा, बोअरमध्ये पोहरा जात नाही. आणि दोर पंपाच्या खोलीत नको, उंदीर कुरतडतात.

इन्व्हर्टर: 150 एएचची चांगली बॅटरी एक पंखा नि तीन एलईडी दिवे साधारण बारा तास चालवते, पुढे नाही. जनरेटर पडवीत लावू नका, धुराने माणूस झोपेतच जातो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच नसेल तर जनरेटर घराच्या वायरिंगला जोडूच नका. करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावरचा वायरमन मरतो.

रोख पैसे, सुट्टे. पेट्रोल आधीच, पंपही विजेवर चालतो. वापरात असलेलं इन्सुलिन ओल्या माठाशेजारी, सावलीत. फ्रीजमधली मासळी पहिल्याच दिवशी संपवा. मोबाइलचा टॉवर काही तासांनी बसेल, निरोप आधीच देऊन ठेवा.

दोर बघितलात का? नुसता बघू नका, एक बादली काढा.