न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी: दारू सोडायची असेल तर पहिली मीटिंग कशी शोधावी

मला न्यू जर्सीत येऊन १९ वर्षे झाली आणि त्यांपैकी शेवटची ८ वर्षे दारूशिवाय गेली. या काळात एडिसन आणि आयसेलिन भागात नोकरीसाठी आलेली आपली अनेक मुले मी जिथे अडखळलो तिथेच अडखळताना पाहिली, म्हणून हे लिहीत आहे.

रोज पिणाऱ्याने एकट्याने, घरच्या घरी, एकाएकी दारू बंद करू नये. हातांची थरथर आणि घाम यांवर भागले तर ठीक; पण काहींना फिट येते, भास होतात आणि जिवावर बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटून आपण किती पितो ते खरे सांगावे, आणि फिट आली किंवा माणूस भ्रमात बोलू लागला तर थेट ९११ ला फोन करावा.

मीटिंग शोधणे सोपे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची चळवळ १९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रनमध्ये सुरू झाली. तिचे ‘मीटिंग गाइड’ हे मोफत ॲप फोनवर घेतले की जवळच्या मीटिंगा वेळेसह दिसतात. ‘ओपन’ मीटिंगला कोणीही येऊन बसू शकतो, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, आणि ‘बिगिनर्स’ असे लिहिलेली मीटिंग नवख्यांसाठी असते. तिथूनच सुरुवात करावी. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. फी नाही. टोपली फिरते तेव्हा लोक एखाद-दोन डॉलर टाकतात, पण नवख्याने ती पुढे सरकवली तरी कोणी काही म्हणत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती दरवर्षी कोणी ना कोणी करतोच. इथल्या बऱ्याच मीटिंगा चर्चच्या तळघरात भरतात. माझ्या पहिल्या मीटिंगच्या शेवटी सगळे उभे राहिले, एकमेकांचे हात धरले आणि ख्रिस्ती प्रार्थना म्हणू लागले. माझ्या उजव्या हाताला एक म्हातारे सुतार होते. त्यांचा खरखरीत तळवा मला अजून आठवतो. हे आपले नाही, असे ठरवून मी तिथून निघालो तो ११ महिने परत फिरकलो नाही. वास्तविक ती जागा केवळ भाड्याने घेतलेली असते, एए कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही, ‘ईश्वर’ म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा असे त्यांच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांतच लिहिले आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले तरी चालते. मी मात्र त्या ११ महिन्यांत पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो. खटल्याचा निकाल लागण्याआधीच पासपोर्टवरचा व्हिसा रद्द झाल्याचे कळले. इथे राहता येत होते, पण एकदा देश सोडला की नवा व्हिसा आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी, हे सगळे पार पडल्याशिवाय परत येता येणार नव्हते. वडील साताऱ्यात अंथरुणाला खिळले होते आणि मी त्यांच्याशी फोनवरच बोलत राहिलो. एक मीटिंग आवडली नाही तर दुसरीकडे जावे, तिसरीकडे जावे, पण घरी बसू नये. निदान ६ वेगवेगळ्या मीटिंगा पाहिल्याशिवाय ‘हे माझ्यासाठी नाही’ असे म्हणू नये, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

मीटिंगला गेल्याने व्हिसा जाईल ही भीती मी दहा जणांच्या तोंडून ऐकली आहे. एए सभासदांची यादी ठेवत नाही, आडनाव विचारत नाही. व्हिसा जातो तो अटकेमुळे.

आपल्या लोकांबद्दलही स्पष्ट लिहितो. शनिवारच्या पार्टीत पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये ग्लास घेऊन बसतात आणि न पिणाऱ्याला तीनदा आग्रह होतो. त्याच घरांत कोणाची दारू सुटत नाही हे कळले की कुजबूज सुरू होते. त्यामुळे अनेक जण ‘देशी’ माणूस भेटणार नाही अशी मीटिंग शोधतात, तर काही जण मराठी मीटिंगच हवी म्हणून वाट पाहत बसतात. दोन्हींत वेळ जातो. मराठीत बोलल्याशिवाय मन मोकळे होत नसेल तर महाराष्ट्रातल्या गटांच्या ऑनलाइन मीटिंगा जोडीला ठेवाव्यात. तिकडचे रात्रीचे ८ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. समोरासमोरची मीटिंग मात्र सोडू नये, कारण रात्री ११ वाजता तलफ आली तर गाडी काढून येणारा माणूस तिथेच भेटतो.

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन आलेल्यांनी, आपले काम झाले असे न मानता, इथल्या पहिल्याच आठवड्यात मीटिंग गाठावी. पत्नीसाठी किंवा आईवडिलांसाठी अल-ॲनॉन या वेगळ्या मीटिंगा असतात.

पहिल्या दिवशी १५ मिनिटे आधी पोहोचा. चर्चच्या दर्शनी दाराशी थांबू नका. पार्किंग आणि तळघराचा दरवाजा बहुधा मागच्या बाजूला असतो. आत कोणीतरी खुर्च्या मांडत असेल, कॉफी लावत असेल. ‘मी पहिल्यांदाच आलो आहे’ एवढे त्याला सांगा आणि निघण्यापूर्वी दोघातिघांचे फोन नंबर घ्या.