भीड भिकेची बहीण : छोट्या धंद्यातल्या या चुका टाळा

सांगलीत गणपती पेठेच्या मागं माझं टेबल आहे. सोळा वर्षं झाली, छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहितो. मार्चमध्ये हिशेबाला आलेला माणूस चहा झाला की विचारतोच, "धंदा वाढंना झालाय हो. जाहिरात कुठं करू?" मी आधी त्याची उधारीची वही मागतो आणि मग फोन. दुखणं बहुतेक वेळा या दोन्हींतच सापडतं.

आपल्या भागातल्या माणसाला कष्ट नवे नाहीत. मालही बरा असतो. पण भीड आडवी येते. भाव सांगायची भीड, राहिलेले पैसे मागायची भीड, आपल्या मालाबद्दल चार शब्द बोलायची भीड, तुटलेल्या गिऱ्हाइकाला "दिसला नाहीत बरेच दिवस" म्हणायचीसुद्धा भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी रोज वहीच्या पानावर बघतो. खालच्या चुका वेगवेगळ्या दिसतील, पण बहुतेकींच्या मुळाशी हीच आहे.

"माल चांगला आहे, गिऱ्हाईक आपोआप येतंय"

हे वाक्य ऐकलं की मी किर्लोस्करवाडीची आठवण करून देतो. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ओसाड माळावर ही वाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर मजबूत होता, पण लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळं सुरुवातीला नांगर पडून राहिले. माल चांगला असून भागलं नाही. समज बदलायला माणसांशी बोलत राहावं लागलं. पुढं १९२० मध्ये याच कारखान्यानं 'किर्लोस्कर खबर' नावाचं स्वतःचं पत्रक सुरू केलं आणि त्यातूनच मोठं मराठी मासिक उभं राहिलं. आज मोबाईलवर लोक जे करतात, ते या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी छापील कागदावर केलं.

मिरज रस्त्यावर एक पिठाची गिरणी आहे. मालकानं उपवासाच्या दळणासाठी चार वर्षांपासून वेगळी चक्की ठेवली होती, आणि बाहेर त्याचा एक शब्द लिहिलेला नव्हता. का, तर "स्वतःचं कौतुक स्वतः कसं करायचं?" मी म्हटलं, कौतुक करू नका, माहिती लिहा. पत्र्यावर एक ओळ रंगवली : उपवासाचं दळण वेगळ्या चक्कीवर, मंगळवार आणि शुक्रवार. श्रावणात पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. आपण जे रोज करतो ते आपल्याला साधं वाटतं, म्हणून सांगायचं राहून जातं. तुमच्या दुकानातली अशी एक गोष्ट आजच शोधा आणि फळ्यावर लिहा.

भाव सांगताना आवाज बारीक होतो

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं गळतो.

घरून कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या एका वहिनींनी मला हिशेब दाखवला. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, डंकावरचं कांडप आणि पाकीट धरून किलोला ४३० रुपये खर्च. विक्री ५०० रुपयांनी. "सत्तर रुपये सुटत्यात," त्या समाधानानं म्हणाल्या. मी विचारलं, दहा किलोला राबतं कोण? त्या आणि त्यांच्या जाऊबाई, पूर्ण एक दिवस. बाहेरची बाई लावली असती तर किती दिले असते? चारशे. म्हणजे दोघींचे आठशे, किलोला ऐंशी. सत्तर सुटतात आणि ऐंशीची मजुरी घरातून जाते. किलोमागं दहा रुपये तोटा, आणि हे दोन वर्षं चाललं होतं.

स्वतःची मजुरी न धरणं ही हिशेबाची चूक दिसते, पण ती मनातून येते. आपल्या कष्टाला किंमत लावायचीच लाज वाटते. "घरचंच तर आहे." घरचं आहे म्हणून त्या दोघींची पाठ दुखायची राहत नाही. त्यांनी भाव ६०० केला. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीच्यांनी "का वाढवला?" एवढंच विचारलं. वहिनींनी खरं कारण सांगितलं आणि तो विषय तिथं मिटला.

दुसरी गळती सवलतीची. समोरच्यानं "दहा टक्के सूट" लावली की आपणही लावायची. कापड दुकानाचं उदाहरण घ्या. साडी विक्रीला १००० रुपयांची, खरेदी ७५०. महिन्याला ३० साड्या गेल्या तर ७५०० सुटतात. दहा टक्के सूट दिली की एका साडीमागं २५० ऐवजी १५० उरतात. तेच ७५०० मिळवायला ५० साड्या विकाव्या लागतील. गिऱ्हाइकाला ही सूट दहा टक्क्यांची वाटते, पण तुमच्या नफ्यातले चाळीस टक्के गेलेले असतात. सूट लावायच्या आधी कागदावर एवढं एक गणित करा. जादा वीस साड्या विकायचा भरवसा नसेल तर सूट नको. त्याऐवजी फॉल-बिडिंग फुकट करून द्या, साडी घरपोच द्या, बदलून द्यायची मुदत वाढवा. त्याचा खर्च तुमच्या हातात राहतो आणि भावही पडत नाही.

कुणी घासाघीस करायला लागलं की लगेच खाली उतरू नका. भाव सांगा आणि गप्प बसा. ते दहा सेकंद फार जड जातात, मला माहीत आहे. बरेच जण त्या शांततेला घाबरून स्वतःच पन्नास रुपये कमी करतात, समोरच्यानं मागितलेलं नसताना.

"स्टेटस दीडशे जण बघतात, ऑर्डर एक नाही"

आधी बघा, स्टेटसवर किंमत आहे का. "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहिलेलं असलं तर ती भाव सांगायची भीडच आहे. विचारायला लाजणारं गिऱ्हाईक तिथूनच मागं फिरतं. भाव लिहा, वजन लिहा, कधी आणि कुठं मिळेल ते लिहा.

मग बघा, बघणारे कोण आहेत. पाहुणे, शाळेतले मित्र, दुसरे दुकानदार? ते तुमचं गिऱ्हाईक नव्हेत. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची ब्रॉडकास्ट यादी असते, तीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. हे माहीत नसल्यानं कित्येक जण वर्षभर मेसेज पाठवत राहतात आणि "लोकांना गरज नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. उपाय काउंटरवर आहे. पैसे घेताना म्हणा, "ताई, दुकानाच्या नावानं नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवतो." लगेच, तुमच्या देखत. अशी पन्नास माणसं ओळख नसलेल्या हजारांपेक्षा कामाची. मात्र रोज सकाळी सुविचार आणि फुलं पाठवू नका. लोक आवाज बंद करून ठेवतात, मग मालाचा मेसेजही दिसत नाही.

व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपमध्ये गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं : चौकशी केली, पैसे यायचे आहेत, माल दिला. एवढं केलं तरी "कुणाला काय सांगितलं होतं" हा गोंधळ निम्म्यानं कमी होतो.

नकाशावर दुकान सापडत नाही

हे पटकन होणारं काम आहे, तरी राहतं. गुगल मॅपवर दुकानाची पिन बरोबर जागी आहे का, वेळ आणि सुट्टीचा दिवस खरा आहे का, फोन चालू नंबरचा आहे का, हे स्वतः तपासा. परगावचं माणूस एकदा बंद दारावर आलं की परत येत नाही. अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकांकडून मागा, माल देताना, तोंडानं. एकाच दिवशी भाचे-पुतण्यांकडून वीस जणांचे पाच तारे लावून घेऊ नका. खोटे अभिप्राय गुगल काढून टाकतं, आणि माणसांनाही ते ओळखू येतात. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. काय चुकलं, काय केलं, दोन ओळीत लिहा.

पाकिटावर जीआय लिहून मोकळं होणं

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. अभिमान वाटतोच. पण जिल्ह्याला मानांकन मिळालं म्हणजे आपल्या पाकिटावर ते छापायचा हक्क मिळाला, असं नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. हौसेनं हजार पाकिटं छापून बसलेला एक तरुण माझ्याकडं आला होता. सगळी पाकिटं बाजूला काढावी लागली.

नोंदणी होईपर्यंत खरं तेच लिहा, आणि त्यात भरपूर सांगण्यासारखं असतं : हळद कुठल्या जातीची, कुठल्या गावच्या रानातली, कुठल्या महिन्यात दळलेली. "शंभर टक्के शुद्ध" तर सगळेच लिहितात. खाण्याचा माल असेल तर चौदा आकडी अन्नसुरक्षा क्रमांक पाकिटावर हवाच. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडं होणारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला हजार-दीड हजार देऊ नका.

"पत्रकं वाटली, कुत्रं फिरकलं नाही"

कधी वाटली? आष्ट्याच्या बाजूला एका मिक्सर-कुकर विकणाऱ्या दादांनी जुलैत तीन हजार पत्रकं वाटली. त्या दिवसांत खताचे पैसे देऊन झालेले, शाळेचा खर्च नुकताच झालेला, आणि नजर कृष्णेच्या पाण्याकडं. कुणाच्या खिशात कुकर घ्यायला पैसे असतील?

आपल्या जिल्ह्याचा खिसा पिकाच्या चालीनं भरतो. ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बिलं यायला लागतात. तासगाव-पलूसकडं द्राक्षं आणि मग बेदाण्याचे सौदे. हळद मार्केट यार्डात येते ती उन्हाळ्याच्या तोंडाला. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळतात आणि दिवाळीला, गावच्या जत्रेला घरी येतात. तेव्हा तिथल्या बाजाराचा रंग वेगळाच असतो. तासगावात रथोत्सवाच्या आधीचे आठ दिवस वेगळे.

म्हणून कॅलेंडर घ्या आणि आपलं गिऱ्हाईक कुठल्या गावचं, त्याच्या हातात पैसे कधी येतात, ते महिन्यांपुढं लिहा. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असा नियम असला तरी हप्ता नेमका कधी पडणार हे कारखान्याच्या सभासदालाच माहीत असतं, त्याला विचारा. बँकेच्या शाखेत गर्दी वाढली की समजा वेळ आली. त्या दादांनी पुढची पत्रकं डिसेंबरात वाटली, तीही हजारच, आणि माल मागवायला त्यांना दोनदा कोल्हापूरला जावं लागलं.

उधारी मागायची लाज

कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना आधी एक सांगतो. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल, तर २००६ च्या कायद्यानं खरेदीदारानं पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं. "मोठी पार्टी आहे, तुटेल" या भीतीनं कित्येक जण सहा-सहा महिने थांबतात आणि इकडं पतसंस्थेचं व्याज भरतात. निदान बिलावर मुदतीची तारीख छापा. पहिल्या आठवणीचं काम ती तारीखच करते, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

किराणा, कापड, औषधांच्या दुकानाचं दुखणं वेगळं. इथं उधारी नात्यानं दिली जाते आणि नात्यामुळंच मागता येत नाही. मग दुसरंच घडतं. उधारी थकली की गिऱ्हाईक लाजेनं रस्ता बदलतं आणि रोखीचा माल पलीकडच्या दुकानातून घ्यायला लागतं. पैसेही गेले, माणूसही गेलं. म्हणून वेळेवर मागणं हे नातं राखायचंच काम आहे. उधारीची हद्द आधी ठरवा, आकडा माणसागणिक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सगळ्यांना सारखाच मेसेज पाठवा. सगळ्यांना जातो म्हटल्यावर कुणाला टोचत नाही.

२०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मारुती रोड, हरभट रोडवरच्या दुकानांत माल तर गेलाच, वह्याही गेल्या. एका किराणा दुकानाच्या काकूंची वही चिखलात लगदा होऊन निघाली. आकडे कुणाचेच शिल्लक नव्हते. त्या म्हणाल्या, आता कुठल्या तोंडानं मागू? पंधरा दिवसांनी मी आणि त्यांचा मुलगा बसलो, आठवतील तेवढी नावं काढली आणि काकूंनी एकेकाला फोन लावला. आकडा सांगितलाच नाही. एवढंच म्हणाल्या, "वही वाहून गेली बाबा, तुझ्याकडं किती राहिलं होतं ते तूच सांग."

सगळ्यांनी दिले नाहीत. पण निम्म्याहून जास्त घरांतून पैसे आले, आणि त्यातल्या तिघांनी काकूंना आठवत होतं त्यापेक्षा जास्त आकडा सांगितला. आता रोज रात्री दुकान बंद करताना काकू वहीच्या पानाचा फोटो काढतात आणि पुण्यातल्या लेकीला पाठवतात.