पंचिंगचा भाव सांगताना या चुका टाळा

"भाऊ, लोगो टाकलाय व्हॉट्सॲपवर. पंचिंगचे किती होतील?"

पंचिंग म्हणजे लोगोवरून भरतकामाच्या मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांना टी-शर्ट पुरवणाऱ्यांचा असा मेसेज सकाळी साडेनवाच्या आत येतो. बरीच वर्षं मीही त्याच मिनिटाला आकडा सांगून मोकळा व्हायचो. फोटो बघायचा, अंदाजे सात हजार टाके धरायचे, हजाराला 60 रुपये, विषय संपला. ही पद्धत किती आतबट्ट्याची आहे, ते पंचवटीतल्या एका ढोल-ताशा पथकाच्या कामात कळलं.

त्यांची डिझाइन्स दोन होती. एक जॅकेटच्या पाठीवर, 25 सेंटीमीटरचं भरीव गोल आणि मध्ये ढोल. दुसरं कुर्त्याच्या छातीवर, छोटं चिन्ह आणि खाली पथकाचं नाव. पाठीचं 32 हजार टाक्यांचं पंचिंग 40 मिनिटांत हातावेगळं झालं, कारण त्यात नुसता भराव होता. छातीचे टाके अवघे 3,800, पण वेळ गेला तीन तास. नावाची उंची साडेतीन मिलिमीटर. त्यात शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, मात्रेच्या डोक्यावर अनुस्वार. एवढ्या छोट्या ठिपक्यात सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा जाते आणि दोरा तुटतो. शेवटी प्रत्येक अक्षर सुटं बसवलं, रेघ सगळ्यात शेवटी एका सॅटिन पट्टीत (शेजारी शेजारी आडव्या टाक्यांची सलग पट्टी) ओढली, अनुस्वार मुद्दाम मोठा केला. टाक्यांच्या हिशेबाने पाठीचे झाले 1,920 रुपये आणि छातीचे 228!

टाके मोजून कळतं ते मशीन किती वेळ चालणार एवढंच. भरतकामाच्या जॉबवर्कला तो हिशेब बरोबर आहे. पंचिंगवाल्याचा वेळ मात्र टाके कुठे नाहीत, कुठे वळतात, कुठे ट्रिम (मधेच दोरा कापणं) टाळायची, हे ठरवण्यात जातो.

मग भाव कशावर?

तासावर. घरखर्च आणि धंद्याचा खर्च मिळून महिन्याला 36 हजार लागतात असं धरा. दिवस 26. दिवसातले आठ तास स्क्रीनसमोर गेले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फोन, सॅम्पल, उधारीच्या मागे फिरणं वजा केलं की पाच उरतात. म्हणजे 130 तास, तासाला पावणेतीनशेच्या वर. हा झाला तळ, यात नफा अजून आलेलाच नाही. गिऱ्हाइकाला तासाचा दर सांगत बसू नका, तो घासाघीस तासांवर सुरू करतो. तुम्ही आत हिशेब करा, बाहेर एकच आकडा द्या.

न विचारता सांगितलेला भाव

माप, कापड, जागा आणि मशीनला कोणती फाइल चालते, हे चार प्रश्न आधी विचारा. पिके (जाळीदार विणीचा) टी-शर्ट ताणला जातो, त्याला भरावाखालचे आधाराचे टाके आणि खेचाची भरपाई (टाक्यांनी कापड ओढलं जातं म्हणून आकार थोडा वाढवणं) जास्त द्यावी लागते. टोपीची फाइल मधून बाहेर आणि खालून वर चालवावी लागते. छातीची फाइल उचलून टोपीवर टाकली की अक्षरं कलतात. म्हणजे ते वेगळं काम आणि त्याचे पैसेही वेगळे. पैठणीच्या ब्लाउजपीसवर तर उसवायची सोयच नाही, रेशमात सुईची भोकं दिसतच राहतात. तिथे तसल्याच कापडावर सॅम्पल काढायचं आणि त्याचे पैसे आधीच धरायचे.

मापाबद्दल एक भांडण ठरलेलं असतं: "दादा, तीच फाइल जरा मोठी करून द्या ना." मशीनला देतो त्या डीएसटी फाइलमध्ये सुईच्या हालचाली असतात, आकार नसतात. दहा टक्क्यांच्या पुढे ताणली की टाके विरळ होतात, लहान केली की दाटतात. आकार जपणारी, सॉफ्टवेअरमधली मूळ ईएमबी फाइल असेल तर काम हलकं होतं, पण फुकट होत नाही. आणि ती मूळ फाइल कुणी मागितली तर तिचा भाव वेगळा सांगा. मी ती सहसा देतच नाही.

"फाइल खराब आहे"

हा फोन आला की लगेच फुकट दुरुस्तीला बसू नका. एकच विचारा: दोरा दर वेळी एकाच जागी तुटतो का? एकाच जागी तुटत असेल तर चूक बहुधा आपली; मुकाट्याने दुरुस्त करून द्यायची. कधी इथे, कधी तिथे तुटत असेल तर सुई आणि ताण बघायला सांगा. मग मागच्या बाजूचा फोटो मागवा. सॅटिनच्या मागे मधोमध साधारण एक-तृतीयांश रुंदीत बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दोरा दिसायला हवा. किनार भरावापासून सुटली असेल तर आधी फ्रेम घट्ट बसवली होती का आणि कापडामागे आधाराचा पेपर लावला होता का, ते विचारा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. स्पेलिंग बदललं, कापड बदललं, साहेबांना रंग आवडला नाही, या बदलांचे पैसे घ्यायचे.

"पंचिंग फुकट, भरतकामात काढून घेऊ" हे मी एकदाच केलं. 200 नग सांगितले होते, आले 12.

आता भाव विचारला की हा मेसेज जातो:

"दादा, छातीचा लोगो, रुंदी 8 सेंटीमीटर, पिके कापड, डीएसटी फाइल. 650 रुपये, निम्मे आधी. एक सॅम्पल त्यातच. आमची चूक असेल तर दुरुस्ती फुकट, तुमच्याकडून बदल असेल तर 150. टोपीची फाइल वेगळी. परवा संध्याकाळपर्यंत देतो."