लैंगिक दुर्बलता आणि माजी सैनिकाचा विकलांगता निवृत्तिवेतनाचा दावा

लैंगिक दुर्बलता अनेकदा मधुमेह, मणक्याची इजा किंवा रक्तदाब आणि मानसिक आघात यांवरील औषधे यांतून उद्भवते, म्हणून दावा मूळ आजाराशी जोडूनच मांडावा. सेवेत असतानाच ही तक्रार लष्करी डॉक्टरांकडे नोंदवून घ्यावी. संकोचापोटी गप्प राहिलेल्या कित्येकांचा हक्क केवळ नोंदीअभावी बुडतो, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. त्यात आजार सेवेमुळे जडला किंवा बळावला असे म्हटले आहे का, आणि विकलांगता किती टक्के धरली आहे, हे दोन रकाने बारकाईने वाचावेत, कारण साधारणतः २० टक्क्यांखालील विकलांगतेवर निवृत्तिवेतन नाकारले जाते. ‘सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा असून कारण दिलेले नसेल, तर अपिलाचा मुख्य आधार तोच ठरतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसल्यास तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले. मात्र विकलांगता निवृत्तिवेतनाच्या २०२३ च्या नव्या नियमांखाली निवृत्त झालेल्यांनी त्यावर विसंबण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

दावा फेटाळल्यास सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे, तेही फेटाळले गेल्यास दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. गोव्यातील प्रकरणे त्याच्या मुंबई खंडपीठाकडे चालतात. अर्जाच्या मदतीसाठी पणजीच्या सैनिक कल्याण विभागात जाताना सेवापुस्तिका, औषधांच्या चिठ्ठ्या आणि फेटाळणीचे मूळ पत्र सोबत न्यावे.